जात्यावरच्या ओवीचा अर्थ कसा लावायचा? कोल्हापूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजीची वही सापडली, गावातल्या म्हाताऱ्या बाईंकडून ओव्या उतरून घेतल्या, प्रकल्पासाठी चार गाणी जमवली, आणि आता अर्थ लागत नाही, अशा प्रश्नांची ही उत्तरं आहेत. भर जात्यावरच्या ओवीवर आहे. धनगरी ओवी आणि भेदिक गाणं (शाहिरांचं सवाल-जवाबाचं, कोड्याचं गाणं) जिथे वेगळं वागतं तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणाच्या ओळी पारंपरिक नाहीत, साचा समजावा म्हणून या पानापुरत्या बेतल्या आहेत. त्या संग्रहात घालू नका.

१. ज्ञानेश्वरीतली ओवी, आजीची ओवी आणि धनगरांची ओवी एकच का?

नाव एक, प्रकार तीन. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिल्या तीन चरणांचं यमक जुळतं आणि चौथा चरण आखूड असतो. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची असते, शेवटी यमक, आणि प्रत्येक ओळीच्या मध्ये एक थांबा. धनगरी ओवी म्हणजे ढोलाच्या साथीनं चालणारी, धनगरांचा देव बिरोबा याची लांब कथा. ती रात्रभर चालू शकते.

जुनेपणाबद्दल विचारत असाल तर, चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या १२व्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. अर्थात ही नोंद प्रकाराची झाली. आजीची अमुक ओवी तेवढी जुनी आहे असा दाखला त्यातून मिळत नाही (प्रश्न १३ पाहा).

२. अर्थ लावायला सुरुवात कुठून करायची?

शब्दापासून नको. आधी तीन गोष्टी विचारा: कोण म्हणतंय, कोणाला उद्देशून, आणि त्या वेळी हात कशात आहेत. निम्म्या ओव्या एवढ्यावरच उलगडतात. ही बेतलेली ओवी घ्या:

राघू गेला रानी, उन्हं आली माथ्यावर
सावली धाडते गं, हात माझा खुंट्यावर

शब्द धरून बसलं तर पोपट जंगलात गेला आणि कोणीतरी सावली पोस्टानं पाठवली, असा काहीतरी अर्थ निघतो. आता तीन प्रश्न लावू. म्हणणारी आई. राघू म्हणजे तिचा मुलगा (प्रश्न ३), रान म्हणजे शेत (प्रश्न ५). खुंटा म्हणजे जात्याच्या वरच्या तळीत ठोकलेला लाकडी दांडा, तेव्हा ती दळते आहे. दळण व्हायचं ते पहाटे, दिवस उगवायच्या आत. मग उन्हं माथ्यावर कशी? ती अजून आलेलीच नाहीत. मुलगा दुपारी ज्या उन्हात नांगर धरणार आहे ते ऊन तिला पहाटेच्या अंधारात दिसतं आहे, आणि हात गुंतलेले म्हणून ती सावली गाण्यातूनच धाडते. ओवीचा सगळा जीव कामाच्या वेळेत आहे, आणि शब्दकोश कामाची वेळ सांगत नाही.

एक सवय लावून घ्या. वहीत ओवीखाली आधी सरळ अर्थ लिहा, त्याखाली ‘कोण–कोणाला–कुठलं काम’ लिहा, आणि भावार्थ अगदी शेवटी. भावार्थ आधी लिहिला की बाकीचं सगळं त्याला जुळवून घेतलं जातं.

३. राघू, मैना, हरणी, चुडा, मुऱ्हाळी: यातलं कोण म्हणजे कोण?

राघू म्हणजे मुलगा, मैना म्हणजे मुलगी. हरणी किंवा हरिण हे बहुतेक वेळा लाडक्या लेकरासाठी येतं. चुडा नुसत्या बांगड्या नव्हेत. देवाजवळ ‘चुडा’ मागितला तर नवऱ्याचं आयुष्य मागितलं. डोरलं, कुंकू, हळद यांचंही तसंच. धनी, कारभारी, मालक म्हणजे नवरा. मुऱ्हाळी म्हणजे सासरहून लेकीला माहेरी न्यायला आलेला माणूस, बहुधा भाऊ. सांगावा म्हणजे निरोप.

पण यादी यंत्रासारखी चालवू नका. राघू मळ्यातल्या जोंधळ्यावर उतरला, दाणे टिपू लागला आणि गोफण निघाली, तर तो खरोखरचा पोपट. पुढचं क्रियापद पाहून ठरवा.

४. शब्द कोशात सापडतच नाही. काय करायचं?

या क्रमानं जा.

आधी उच्चार पूर्ववत करून पाहा. ‘ण’चा ‘न’ झालेला असतो (पानी, कोन), शब्दाच्या सुरुवातीचा ‘वि’ हा ‘इ’ होतो किंवा गळतो (इठ्ठल, ईज, हीर म्हणजे विहीर), ‘त्यास्नी’ म्हणजे त्यांना.

मग शब्द चुकीच्या जागी तोडला आहे का ते पाहा. गाताना ओळीच्या मधल्या थांब्यावर शब्द दुभंगतो आणि उतरवणारा त्याचे दोन शब्द करतो. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ओळ न गाता, बोलल्यासारखी सांगायला लावा. शब्द आपोआप सांधतो.

तिसरं, तो भरीचा शब्द आहे का? ‘गं बाई’, ‘सये’, शाहिरीत झीलकऱ्यांचं (मागून सूर धरणाऱ्यांचं) ‘जी जी’ हे चाल भरून काढतात. त्यांना अर्थ चिकटवू नका, पण उतरवताना गाळूही नका.

एवढं करूनही अडलं तर तो शब्द एखाद्या वस्तूचा असणार: मोटेचा (बैलांकडून विहिरीचं पाणी उपसायची चामडी पिशवी), जात्याचा, दागिन्याचा. मोटेवरच्या गाण्यातलं थारोळं म्हणजे मोट रिकामी होते ते कुंड, नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर, सोंदूर म्हणजे तिच्या सोंडेचा बारीक दोर. असे शब्द मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) आजच्या शालेय कोशांपेक्षा जास्त सापडतात. गावातल्या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याला विचारलं तर त्याहून लवकर.

५. शब्द तर ओळखीचे आहेत, तरी अर्थ बसत नाही. असं का?

अनोळखी शब्दावर माणूस थांबतो, ओळखीच्या शब्दावरून पुढे निघून जातो आणि फसतो. आमच्याकडे आलेल्या वह्यांत नेहमी चुकणारे हे:

रान म्हणजे शेत. ‘रानात गेलाय’ म्हटल्यावर कोल्हापुरात कोणी जंगल समजत नाही, पण पुस्तकी मराठीत लिहायला बसलं की हटकून ‘वनात’ लिहितात आणि मग रामाचा वनवास सुरू होतो. ‘रानी’ हे रूप तर ‘राणी’ म्हणूनही वाचलं जातं.

वैरण गुरांची असते तशी जात्याचीही असते. जात्याच्या तोंडात डाव्या हातानं मूठभर धान्य सोडतात, ती वैरण. ‘वैरण घालते’ आलं म्हणजे बाई गोठ्यात आहे असं धरू नका.

वानी सर्वांत गुंतागुंतीचा. ‘फुलावानी’ म्हणजे फुलासारखा. सुटा ‘वानी’ हा दुकानदार वाणी असू शकतो, किंवा वाणी म्हणजे बोलणं. आधीच्या नामाला ‘आ’ लागला असेल (फुला-, सोन्या-) तर ‘सारखा’ हाच अर्थ घ्या.

माळ गळ्यातली की गावाबाहेरचा? क्रियापद सांगेल. साज म्हणजे सजावट नव्हे, कोल्हापुरी साज हा गळ्यातला दागिना. आणि काठी जोतिबाच्या गाण्यात आली तर ती हातातली काठी नव्हे, यात्रेत नाचवतात ती उंच सासनकाठी.

६. देवाचं नाव आलं की तो नेमका कोणता देव?

गावाप्रमाणे बदलतं, म्हणून गाणारीचं माहेर आणि सासर दोन्ही नोंदवा.

नाथ, केदार, डोंगरावरचा राजा, गुलाल, दवणा, चांगभलं यातलं काहीही आलं तर वाडी रत्नागिरीचा जोतिबा. चैत्र पौर्णिमेची यात्रा त्याचीच. ‘नाथ’ म्हणजे नवरा हा अर्थ नाट्यपदांत ठीक, इथल्या ओवीत आधी जोतिबा.

अंबाबाई आणि लक्ष्मी एकच समजू नका. अंबाबाई करवीरनिवासिनी, तिला महालक्ष्मीही म्हणतात. पण खेड्यातली नुसती ‘लक्ष्मी’ बऱ्याचदा त्या गावची ग्रामदेवी असते. विष्णूच्या पायाशी बसणारी ती ही नव्हे. गाण्यात कोहळा आला तर नवरात्रातली ललिता पंचमी डोळ्यांसमोर आणा. त्या दिवशी अंबाबाई टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या (टेंबलाई ती हीच) भेटीला जाते आणि कोल्हासुराच्या वधाची खूण म्हणून कोहळा फोडला जातो.

इठ्ठल हा वारकरी घरातल्या ओवीत पंढरपूरचा. धनगरी ओवीत तो बिरदेवाच्या (म्हणजे बिरोबाच्या) जोडीनं आला असेल तर पट्टणकोडोलीचा विठ्ठल-बिरदेव, आणि भंडारा म्हणजे हळद, जेवण नव्हे. अलीकडच्या धनगरी गाण्यांतले ‘मामा’ हे आईचे भाऊ नसून आदमापूरचे बाळूमामा असण्याची शक्यता मोठी. त्यांनी १९६६ साली देह ठेवला.

‘उदो’ आणि चौंडकं (देवीच्या गाण्यातलं तारेचं वाद्य) आलं तर सौंदत्तीची यल्लम्मा, म्हणजे रेणुका.

७. ‘पंचमी’ कोणती आणि ‘बेंदूर’ कधीचा?

बायकांच्या गाण्यात नुसती पंचमी म्हणजे श्रावणातली नागपंचमी. झोका, फुगडी, न्यायला येणारा भाऊ हे सोबत असतंच. रंगपंचमी असेल तर रंग येतो, ललिता पंचमी असेल तर टेंबलाई (प्रश्न ६).

बेंदूर आपल्याकडे दोनदा. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात, महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात. सीमेकडच्या गावातून आलेली ओवी असेल तर कोणता पाळतात ते विचारल्याशिवाय पेरणी, पाऊस असा ऋतूचा अर्थ लावू नका. महिनाभराच्या फरकानं पेरते हात उगवणीकडे पाहणारे होतात.

८. गाण्यातल्या आकड्यांना काही गूढ अर्थ असतो का?

प्रकारावर अवलंबून आहे. भेदिकात असतो, ओवीत सहसा नसतो.

कलगी आणि तुरा या शाहिरांच्या दोन बाजू. त्यांच्या भेदिक गाण्यात आकडा म्हणजे कोडंच असतं. तिथे ‘नऊ दारांचा वाडा, आत एकला धनी’ असं आलं तर वाडा म्हणजे शरीर, दारं म्हणजे दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, तोंड आणि उत्सर्गाची दोन द्वारं. धनी म्हणजे जीव. साडेतीन हात म्हणजे देह, पाच म्हणजे महाभूतं, सहा म्हणजे रिपू. उत्तर कोणत्या बाजूचं तेही पाहावं लागतं. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला. एकाच कोड्याची दोन उत्तरं त्यामुळे निघतात आणि दोन्ही आपापल्या फडात बरोबर असतात.

ओवीत हाच ‘धनी’ नवरा असतो आणि वाडा वाडाच असतो. ‘पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी’ ही नुसती गाण्याची चढण आहे. पाच, सात, नऊ हे बहुधा यमकासाठी किंवा ‘पुष्कळ’ या अर्थी येतात. मोजायला बसलात तरी पंचाईत होते. पंचगंगेच्या पाच नद्या घ्या: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार दिसतात, पाचवी सरस्वती गुप्त मानतात.

९. जातं म्हणजे संसार, खुंटा म्हणजे परमेश्वर, असं लिहिलं तर चालेल का?

संतांच्या रचनेत चालेल, कारण त्यांनी तसं रूपक मुद्दाम योजलं आहे आणि शेवटी ते उलगडूनही दाखवलं आहे. आजीच्या ओवीत हे तेव्हाच लिहा, जेव्हा ओवीतच दुसरा एखादा शब्द (देह, जीव, काया, गुरू) त्या दिशेला बोट दाखवतो. तसा शब्द नसेल तर जातं हे दगडाचं जातं आहे, टाकीचे घाव घालून खडबडीत केलेलं, आणि ते जड चालतंय ही खरीखुरी तक्रार आहे. टाकीचे घाव झिजले की जातं भरडतं, पीठ बारीक येत नाही, हात भरून येतात. एवढं दुःख ओवीला पुरतं. त्यावर अध्यात्म चढवलं की बाईचे हात दिसेनासे होतात, म्हणून या बाबतीत आम्ही जरा हट्टी आहोत.

लग्नातल्या घाणा भरण्याच्या (लग्नाआधीच्या विधीत हळद, धान्य दळण्या-कांडण्याच्या) ओव्या वेगळ्या. तिथे जात्याची पूजा होते, त्याला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधतात, तेव्हा ते जातं देवच असतं. ओवी रोजच्या दळणाची की घाण्याची, हे आधी विचारा.

१०. गाणारी बाई ‘मी आलो, मी गेलो’ म्हणते. मग गाणं पुरुषाचं का?

नाही. कोल्हापूर भागात बायका रोजच्या बोलण्यातही ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. ओवी मात्र जुन्या साच्यात बांधलेली असल्यामुळे त्याच तोंडी ‘दळिते’, ‘धाडते’ अशी स्त्रीलिंगी रूपंही येतात. एकाच वहीत दोन्ही आढळली तर दुरुस्त करू नका. बोलणारी व्यक्ती कोण हे क्रियापदावरून न ठरवता नात्यांवरून ठरवा: दीर, नणंद, जाऊ आली की बोलणारी सून.

११. सासू-नणंदेला इतकं वाईट का म्हटलंय? आजीला खरंच असं भोगावं लागलं का?

एका ओवीवरून सांगता येत नाही. सासू, नणंद, भावजय ही ओवीतली ठरलेली पात्रं आहेत. चांगली सासू मिळालेली बाईसुद्धा तीच ओवी गाते, कारण ती तिला आईकडून आली. मात्र या ओव्या नुसत्या रूढी म्हणून बाजूलाही सारू नका. बोलणं कसं अडवलं जातं ते त्यात बारकाईनं येतं:

मुऱ्हाळी दारात, पाणी दिलं गं पायाला
सासूबाई म्हणे, दळण उरलं जात्याला

इथे कोणी ‘जाऊ नको’ म्हणत नाही. भावाला पाय धुवायला पाणी दिलं, रीत पाळली, आणि दळणाचं नाव काढून सुनेचं जाणं अडवलं. शिवाय ही तक्रार सासू अंथरुणात असताना जात्याच्या घरघरीत गायली जाते: ऐकू जावी पण उत्तर देता येऊ नये, अशा बेतानं.

आजीचंच आयुष्य शोधायचं असेल तर जिथे खरं नाव, खरं गाव किंवा एखादी विचित्र, यमकालाही गैरसोयीची बाब येते तिथे थांबा.

१२. वहीतल्या ओव्या सलग वाचल्या तर गोष्ट जुळत नाही. पानं हरवलीत का?

बहुधा नाही. प्रत्येक ओवी स्वतंत्र असते. दोघी जात्याला समोरासमोर बसल्या की एकीच्या ओवीतला शब्द दुसरी उचलते: चोळीवरून चोळी, वाटेवरून वाट. त्यामुळे क्रम आठवणीचा असतो, कथेचा नाही. छापील संग्रहातला ‘भाऊ’, ‘माहेर’, ‘पंढरी’ हा क्रम संपादकानं लावलेला असतो. अपवाद सीतेच्या वनवासासारख्या कथेच्या ओव्या. त्यांत मात्र एखादा दुवा खरंच गळलेला असू शकतो.

१३. गाण्यात आगगाडी, एसटी, शाहू महाराज आलेत. त्यावरून साल काढता येईल?

‘याच्या आधीची नाही’ एवढं सांगता येतं, आणि तेही त्या एका ओळीपुरतं. कोल्हापूर–मिरज रेल्वे १८९१ साली सुरू झाली, एसटी १९४८ साली. पण जुन्या ओवीत बैलगाडी काढून आगगाडी बसवणं गाणारीला एका श्वासाचं काम.

राजांच्या नावांत जास्त सांभाळा. शाहू म्हणजे राजर्षी शाहू (१८७४–१९२२) की साताऱ्याचे थोरले शाहू (१६८२–१७४९)? राजाराम तर तीन: शिवछत्रपतींचे पुत्र, १८७० साली इटलीत फ्लॉरेन्सला वारलेले कोल्हापूरचे राजाराम, आणि राजर्षींचे पुत्र राजाराम (निधन १९४०). तलाव, वसतिगृह, कुस्ती असे शब्द सोबत असतील तर राजर्षींचा काळ संभवतो.

१४. एकच ओवी तीन गावांत तीन तऱ्हेनं मिळाली. खरी कोणती?

तिन्ही. मूळ शोधण्यापेक्षा काय बदललं ते पाहा. भावाचं नाव आणि गावाचं नाव बदलणारच, ती मोकळी जागाच असते. त्यापलीकडे बदल असेल (एकीकडे भाऊ चोळी आणतो, दुसरीकडे रिकाम्या हातानं येतो) तर ती वेगळी ओवी समजून वेगळा अर्थ लावा. तिन्हींची खिचडी करून एक ‘शुद्ध’ पाठ मात्र करू नका.

१५. रेकॉर्डिंग करताना काय काळजी घ्यावी?

फोन जातं असलेल्या जमिनीवर ठेवू नका, घरघर आवाजाला खाऊन टाकते. घडी घातलेल्या घोंगड्यावर किंवा बाजूच्या खुर्चीवर, तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. एकदा दळताना गाऊन घ्या, मग जातं थांबवून तीच ओवी सांगायला लावा. दोन्हींत फरक पडला तर दोन्ही लिहा. ‘याचा अर्थ काय?’ असं विचारलं की बायका ‘देवाचं हाय’ म्हणून मोकळ्या होतात. ‘हे कोण कोणाला म्हणतंय?’ विचारा. मुलं-सुना भोवती असतील तर सासूवरच्या ओव्या निघणार नाहीत, हेही गृहीत धरा. आणि नाव छापायचं की नाही, ते गाणारीलाच विचारा.

१६. शाळेच्या रसग्रहणात हे सगळं कसं बसवू?

बसवू नका. एकच ओवी घ्या, प्रश्न २ मधली तीन उत्तरं तीन वाक्यांत लिहा, एक अवघड शब्द उलगडा. ‘लोकजीवनाचं प्रतिबिंब’ हे शब्द गाळले तरी गुण कमी होणार नाहीत.

१७. काही ओळींत जातीचा उल्लेख आहे, फुगडीची काही गाणी चावट आहेत. बदलून छापावीत का?

बदलू नका. छापायचीच नसेल तर ओळ वगळून तिथे ‘ओळ वगळली’ असं लिहा. शब्द गुपचूप बदलला तर पुढचा वाचक त्या बदललेल्या शब्दाचा अर्थ लावत बसतो. चावट गाणी पंचमीच्या खेळात फक्त बायका असताना म्हटली जातात. अर्थाच्या टिपेत हे लिहा, म्हणजे ती चव्हाट्यावर म्हटली जात होती असा गैरसमज होणार नाही. जातिवाचक शब्दाखाली तो कोणाच्या तोंडी आहे ते नोंदवा. धन्याच्या घरातल्या ओवीतला शब्द आणि ज्या वस्तीला तो लावला जायचा तिथल्या बाईच्या ओवीतला तोच शब्द यांचा अर्थ एक नसतो.